अडतीस घरांचं चाक

पहाटे ४.४५

कसबा बावडा, कोल्हापूर. गल्लीत अजून अंधार आहे. एकाच घरात दिवा लागलाय. आई भाकरी थापतेय. डब्यात तीन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. प्रवासात टिकेल तेवढंच. दाराशी बॅग भरून ठेवली आहे. तीन पांढरे शर्ट, दोन काळ्या पँटी, काळे बूट. बूट नऊशे रुपयांचे. रोज आठ-नऊ तास उभं राहायचं असतं, त्यामुळे ते सहा महिन्यांत बसतात.

ती चोवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली. तीन वर्षांपासून पणजीत मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर आहे. रूलेटचं टेबल चालवते. तिचं नाव इथं लिहीत नाही. ‘पोरगी गोव्यात हॉटेलात आहे’ एवढंच गल्लीला माहीत आहे आणि ते तसंच राहू दे, असं तिच्या आईनं मला चहा देताना सांगितलं.

दोन दिवसांची सुट्टी संपली. आज संध्याकाळी ड्युटी.

सकाळी ६.१०

वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर आहेत. पहिली पाळी सातची. बावड्यातून शिरोलीची वाट वेगळी, मध्यवर्ती बसस्थानकाची वेगळी. तरी ते तिला गाडीवरून आधी स्टँडवर सोडतात. फार बोलणं नाही. ‘पोचलीस की फोन कर.’ गाडी वळते.

सकाळी ६.३०

पणजीची एसटी. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिचं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण. वाचलेल्या पैशांत मेसचं एका दिवसाचं जेवण निघतं. हे तिनं हिशेब करून सांगितलं.

कागल जातं. निपाणी येते. ती खिडकीला डोकं टेकून झोपते.

सकाळी ८.४०

गडहिंग्लज सोडल्यावर जाग येते. मी विचारतो, डीलर व्हायला काय यावं लागतं?

‘पाढे,’ ती म्हणते.

टेबलावर एक ते छत्तीस आकडे तीन रांगांत छापलेले असतात. वर एक किंवा दोन शून्यं. चाकावर तेच आकडे, पण क्रम वेगळा, आणि लाल-काळे आलटून पालटून. पैशांऐवजी लावायची चिप एका आकड्यावर ठेवली आणि चेंडू चाकावर त्याच घरात पडला तर पस्तीसपट मिळतात. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर सतरापट. तीन आकड्यांच्या ओळीवर अकरापट. चार आकड्यांच्या कोपऱ्यावर आठपट. सहा आकड्यांवर पाचपट. बारा आकड्यांच्या गटावर दुप्पट. लाल-काळा, सम-विषम यावर जेवढ्यास तेवढे. मूळ चिप या सगळ्यावर परत मिळते, ती वेगळी.

आता एकाच आकड्याभोवती पाच जणांनी पाच रंगांच्या चिपा टाकल्या. कुणाची आकड्यावर, कुणाची रेषेवर, कुणाची कोपऱ्यावर. डीलरनं प्रत्येकाचा हिशेब डोक्यात करायचा आणि चिपा मोजून पुढं सरकवायच्या. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. समजा १७ वर एकाची पूर्ण बेट आहे. आकड्यावर एक, चारही रेषांवर चार, चारही कोपऱ्यांवर चार. पस्तीस, अडुसष्ट, बत्तीस. एकशे पस्तीस.

तिचे आजोबा तिला लहानपणी रोज तिन्हीसांजेला पाढे म्हणायला बसवत. तिसापर्यंत. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट. ट्रेनिंगच्या आठ आठवड्यांत बाकीची मुलं अडखळत होती तेव्हा ती पुढं होती. पस्तिसाचा पाढा तेवढा नव्यानं केला.

सकाळी १०.१५

आंबोली. धुकं आहे. गाडी दहा मिनिटं थांबते. चहा पंधरा रुपये. ती भाकरीचा डबा उघडते, मला अर्धी देते.

इथं ती मला सगळ्यात महत्त्वाचा हिशेब दाखवते. दगडी कठड्यावर बोटानं.

‘आमच्या चाकाला अडतीस घरं. छत्तीस आकडे, एक शून्य, एक डबल शून्य. समजा तुम्ही अडतीसच्या अडतीस घरांवर एकेक चिप ठेवली. म्हणजे हरायचा प्रश्नच नाही. एक आकडा येणारच. त्याच्या पस्तीस मिळाल्या, तुमची एक परत. झाल्या छत्तीस. लावल्या किती? अडतीस. दोन गेल्या.’

जिथं एकच शून्य असतं तिथं घरं सदतीस, एक चिप जाते. म्हणजे शेकडा २.७. दोन शून्यांच्या चाकावर ५.२६, जवळजवळ दुप्पट. खेळायला बसायच्या आधी चाकाकडे बघून हिरवी, म्हणजे शून्याची, घरं मोजायची, एवढी साधी गोष्ट. तिच्या टेबलावर येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती करत नाहीत.

‘आणि हे तुम्ही कसंही लावा,’ ती म्हणते. ‘लाल लावा, काळा लावा, वाढदिवसाची तारीख लावा. लांबून बघितलं की दर अडतिसाला दोन.’

दुपारी १२

बांदा मागं पडलं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा.

या रेषेच्या दोन्ही बाजूंना १९७६ साली कायदे झाले. महाराष्ट्रानं त्या वर्षी कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याचा १९७६ चा कायदा जुगारबंदीचाच होता. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत मशिनवरच्या खेळांना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि जहाजावर माणसांनी चालवायची टेबलं आली. चाक, चेंडू आणि डीलर हवा असेल तर नदीतच जावं लागतं ते त्यामुळे. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तिथं चाकरी करता येते, खेळता येत नाही. खेळायला बाहेरचे येतात. वय एकवीसच्या पुढं हवं.

कोल्हापूरकर बाहेरचे. आणि सगळ्यात जवळच्या बाहेरच्यांपैकी.

दुपारी १.२०

पणजीचा कदंब स्टँड. मेरशीला खोली आहे. तिघी मुली राहतात. एक रत्नागिरीची, एक मणिपूरची. भाडं प्रत्येकी साडेतीन हजार. ती वडिलांना फोन करते, पडदा ओढते, झोपते. अडीच तास मिळतील.

संध्याकाळी ५.३०

तयारी. नखं कापायची, तळापर्यंत. अंगठी नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. केस घट्ट बांधून अंबाडा. पँटच्या खिशांना कंपनीनं शिवण घालून ते बंद केलेले असतात. डीलरच्या अंगावर चिप लपायला जागा असू नये म्हणून. उजव्या मनगटाला ती बाम चोळते. चेंडू फिरवणारं मधलं बोट दाखवते. त्यावर घट्टा पडलाय.

संध्याकाळी ६.४५

जेट्टी. मांडवीत जहाजं दिव्यांनी उजळलीत. पलीकडं बेतीचा काठ. स्टाफची बोट वेगळी, गिऱ्हाइकांची वेगळी. ती निघून जाते. मी काउंटरवर.

मी खेळणार नाही, नुसता उभा राहणार, आणि मी ओळखीचा आहे, हे तिनं सुपरवायझरला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलंय. तसा त्यांच्याकडे नियम आहे.

प्रवेशाचे अडीच हजार. त्यात जेवण, दारू आणि खेळायची काही कुपनं. ही कुपनं एकदाच लावता येतात. काउंटरवर देऊन रोकडा मिळत नाही. शेजारचा तरुण ती कॅश समजून मोजतोय. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं.

चिपा घेताना जी रक्कम भरायची तिच्यावर जीएसटी असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. न खेळता चिपा परत केल्या तरी कराच्या हिशेबात ती रक्कम वजा होत नाही. तेव्हा ‘जास्तीच्या घेऊन ठेवू, उरल्या तर परत देऊ’ हा विचार इथं करू नये. लागतील तेवढ्याच घ्याव्यात. आणि पैसे मोजण्याआधी हातात नेमक्या किती रुपयांच्या चिपा पडणार, हे कॅशियरला विचारून घ्यावं.

संध्याकाळी ७.३०

टेबल उघडतं. टेबलावर देखरेख करणाऱ्या इन्स्पेक्टरसमोर चिपांची मोजणी झाली. प्रत्येक स्टॅक वीसचा. ती बोटांनी स्टॅक आडवा पसरते, पाच-पाचचे चार गट करते, पुन्हा एका हातानं उचलून उभा करते. वर छतात कॅमेरे. ती जे काही करते ते कॅमेऱ्याला दिसेल असंच करते.

पहिलं गिऱ्हाईक. पाचशेच्या नोटा तिच्या हातात द्यायला जातो. तिचा हात पुढं येत नाही. ती टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे बोट करते. पैसे हातात घेणं तिला मना आहे. नोटा कापडावर ठेवायच्या, त्याही चाक फिरत नसताना. ती त्या पसरून मोजते, इन्स्पेक्टरला ऐकू जाईल असं मोठ्यानं रक्कम सांगते, नोटा खाचेतून खाली जातात. गिऱ्हाइकाला रंग मिळतो. निळा. आता या टेबलावर निळा त्याचा एकट्याचा. रंगाच्या चिपेला स्वतःची किंमत नसते, घेताना जी ठरेल ती. इथं शंभर ठरली. या चिपा दुसऱ्या टेबलावर चालत नाहीत आणि कॅशियरकडेही चालत नाहीत. उठताना त्या डीलरला परत देऊन किमतीच्या चिपा घ्यायच्या. खिशात घालून नेल्या तर परत याच टेबलाशी यावं लागतं.

ती चाक एका दिशेनं फिरवते, चेंडू दुसऱ्या दिशेनं सोडते. चेंडूचा आवाज कडेनं फिरत राहतो. लोक लावताहेत. चेंडू मंदावला की तिचा तळवा टेबलावरून आडवा फिरतो. ‘नो मोर बेट्स.’ इथून पुढं हात मागं. एक जण तेवढ्यात चिप सरकवतो. ती चिप उचलून परत त्याच्यापुढं ठेवते, चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्यांदा केलं तर इन्स्पेक्टर येईल. चेंडू पडल्यावर केलं तर ती चोरीच धरतात.

‘थर्टी टू, रेड.’ आकड्यावर डॉली ठेवली. डॉली म्हणजे छोटी उभी खूण. ती तिथं आहे तोवर कुणीही टेबलाला हात लावायचा नाही. जिंकलेल्यानंही नाही. हरलेल्या चिपा ती दोन्ही हातांनी ओढून घेते, मग पैसे देते, मग डॉली उचलते. तेव्हा हात घाला.

रात्री ८.१०

चाळीस मिनिटं टेबल, वीस मिनिटं सुट्टी. बदली डीलर आला. ती दोन्ही हात एकमेकांवर घासते, तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवते, निघते.

मी तिथंच उभा. टेबलाच्या डाव्या कडेला बेळगावकडच्या एक बाई आहेत. साठीच्या. नवरा जेवायला गेलाय. त्यांनी पाच हजारांच्या चिपा घेतल्या. पन्नास. दहा-दहाच्या पाच चळती केल्या. एक चळत एका तासाची. एका फेरीला एक चिप, कधी दोन, कधी नुसतं बघणं. जिंकलेल्या चिपा चळतीत घालत नाहीत, पर्समध्ये टाकतात. लांबच्या आकड्यावर लावायचं असेल तर दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकत नाहीत. चिप डीलरपुढं ठेवतात आणि ‘ट्वेन्टी सेव्हन स्ट्रेट’ म्हणतात. तो ठेवतो. ग्लास टेबलाच्या कडेवर नाही, बाजूच्या स्टँडवर. फोन बंद.

मला वाटतं, सबंध रात्रीत या टेबलावर इतकं नीट कुणीच बसलं नाही.

मी त्यांना विचारलं, किती हरलात तर उठाल? म्हणाल्या, ‘पाच हजार घरातच खर्ची टाकून आले. साडेअकराची बोट धरायची. तोवर उरले तर उरले.’

रात्री ९.३०

गर्दी. शनिवार आहे. एका तासात अडतीसेक फेऱ्या होतात. मी मनाशी हिशेब करतो. फेरीला हजार लावणारा माणूस तासात अडतीस हजार फिरवतो. नशीब ना चांगलं ना वाईट, असं धरलं तरी त्यातले दोन हजार टेबलावर राहतात. तिचा पगार हातात बावीस हजार. सव्वीस दिवसांचा. दिवसाचे आठशे सेहेचाळीस.

टीप वेगळी. कुणी चिप पुढं करून ‘डीलरसाठी’ म्हणालं की ती टेबलावर ठोकते, म्हणजे कॅमेऱ्याला कळतं, आणि खाचेत टाकते. ती तिची नाही, सगळ्यांची. महिनाअखेर वाटप होतं. तिच्या वाट्याला पाच-साडेपाच हजार येतात. टीप द्यायलाच हवी असं नाही. मोठी रक्कम जिंकली तर बहुतेक देतात. पण हरल्यावर ‘तुझ्या हाताला यश नाही’ असं म्हणू नये. हे ती मला बसमध्ये म्हणाली होती आणि बाकी कशाहीपेक्षा गंभीर होऊन म्हणाली होती. चेंडू तिचं ऐकत नाही.

रात्री ९.५०

चार जण येतात. पांढरे शर्ट, गळ्यात जाड साखळ्या. आवाज आधी येतो.

‘भावा, लाव की सतरावर. नाद खुळा.’

मग त्यातला एक तिच्याकडे बघत राहतो.

‘एऽ, ही आपल्या बावड्याची पोरगी न्हवं?’

‘व्हय की! काय गं ताई, वळखलं न्हाईस?’

तिनं चेंडू सोडलेला आहे. ती फेरी पुरी करते. अकरा, काळा. डॉली. चिपा ओढल्या, दिल्या. मग मान न वळवता हलक्या आवाजात इन्स्पेक्टरला हाक मारते. ‘सर, नोन प्लेअर्स.’ दोन मिनिटांत बदली येते. हात घासले, तळवे दाखवले, गेली.

ओळखीच्या माणसाला डील करायचं नाही, हा नियम. लपवलं आणि नंतर कॅमेऱ्यात दिसलं तर नोकरी जाते. म्हणून टेबलाशी डीलर ओळखीची निघाली तर गप्प बसावं. जमलं तर स्वतःच दुसऱ्या टेबलाशी जावं. तिला नावानं हाक मारू नये, गाव काढू नये, फोन काढू नये. चौघांपैकी एकाला हे कळलं. तो बाकीच्यांना म्हणाला, ‘गप रे. ड्युटीवर हाय ती.’

रात्री ११

तिला दुसरं टेबल मिळालंय. इथं बेटी मोठ्या. लाल-काळ्यावर कमीत कमी पाचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार. पाटी लावलेली आहे. पाटी वाचून बसावं.

पन्नाशीचे एक गृहस्थ. बोलण्यावरून आपल्याकडचे. वहीत लिहून आणलंय. लाल लावायचं, हरलं की दुप्पट करायचं. कधी ना कधी लाल येणारच, की सगळं वसूल आणि वर पाचशे फायदा.

पाचशे. सतरा, काळा. हजार. सव्वीस, काळा. दोन हजार. अकरा, काळा. चार हजार. एकोणतीस, काळा. आता बाजूचे लोकही लालवर लावताहेत. मागं फलकावर आलेले आकडे दिसतात. आठ हजार. आठ, काळा. सोळा हजार. गृहस्थ रुमालानं मान पुसतात. वीस. काळा.

सहा फेऱ्यांत साडेएकतीस हजार गेले. पुढची दुप्पट बत्तीस हजारांची. पाटी म्हणते पंचवीस. वही तिथं थांबली.

सलग सहा-सात वेळा एकच रंग हे तिला नवं नाही. एखाद्या रात्री ते होतंच. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री काळा सलग सव्वीस वेळा आला आणि दर फेरीला लालवर लावणारे वाढत गेले. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात सांगतात. मागं काय आलं हे चेंडूला माहीत नसतं. दोन शून्यांच्या चाकावर लाल यायची शक्यता अडतिसात अठरा. पहिल्या फेरीलाही तेवढीच आणि सव्विसाव्या काळ्यानंतरही तेवढीच.

गृहस्थ उठत नाहीत. कार्ड काढतात.

रात्री १२.३०

स्टाफ कँटीन. भात, डाळ, मासळीचं कालवण. कंपनीचं, फुकट. ती बूट काढून पाय खुर्चीवर ठेवते, असं नंतर तिनं सांगितलं. वीस मिनिटांत जेवण, पाय, बाम, सगळं.

बेळगावच्या बाई साडेअकराच्या बोटीनं गेल्या. अठराशे परत नेले.

रात्री २.१५

जेवण झालेलं, दारू झालेली. दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासानंतर बेट मोठी होते, हे डीलर रोज बघतात. आता टेबलावर बोलणं कमी झालंय.

बावड्याचे चौघे कोपऱ्यात उभे आहेत. मी जवळ जातो. ओळख निघते. त्यांची गाडी भाड्याची, जाऊन-येऊन साडेसहा हजार. प्रवेश चौघांचे दहा हजार. म्हणजे एकही चिप लावायच्या आधी साडेसोळा हजार गेलेले. दोघांचे पैसे साडेबाराला संपले. एक जण दुसऱ्याकडे मागतोय.

‘धा हजार दे. सकाळी टाकतो.’

‘न्हाई भावा. गाडीभाडं आणि नाष्ट्याचं वेगळं काढलंय. त्याला हात लावायचा न्हाई.’

तिसरा फोन काढतो आणि त्याला दहा हजार पाठवतो. मी बघत राहतो. ज्यानं नाही म्हटलं त्याच्याशी पुढं तासभर कुणी बोललं नाही. पण त्या रात्री त्या चौघांत खरी मैत्री त्यानंच केली, असं मला ठामपणे वाटतं. टेबलाशी उसने मागू नयेत आणि कुणी मागितले तर देऊ नयेत. दिलेले दहा हजार तीनपर्यंत संपले.

रात्री ३.२०

कॅशियरची खिडकी. एक मुलगा चाळीस हजार जिंकून आलाय. मित्र त्याला परत ओढताहेत. तो पैसे मोजतो, आतल्या खिशात घालतो, बोटीकडे चालू लागतो. घरी गेल्यावर त्याला कुणीतरी सांगेल की जुगारात जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के आहे आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

वहीवाले गृहस्थ खिडकीशी आले नाहीत. त्यांच्याकडे बदलायला काही उरलं नव्हतं.

पहाटे ४

तिची शेवटची फेरी. चिपांची मोजणी, सही. हात घासून तळवे दाखवले. आजच्या पाळीत तिनं दोनशेच्या वर वेळा चेंडू सोडला. हिशेबात एक चूक झाली, सतराच्या पाढ्यातच. गिऱ्हाइकानं चेंडू सुटायच्या आधी नम्रपणे हात वर करून सांगितलं, इन्स्पेक्टरनं कॅमेरा बघितला, एक चिप जास्त दिली. असंच सांगायचं असतं. लगेच आणि शांतपणे. पुढची फेरी सुटली की मागचं कोण ऐकणार?

पहाटे ४.४०

जेट्टीवर गार वारा. पार्किंगमध्ये चौघांचा ड्रायव्हर सीट मागं टाकून झोपलाय. त्याचा रात्रीचा भत्ता पाचशे. चौघे येतात, त्याला उठवतात. एक पुढं बसतो. तोच, गाडीभाडं राखून ठेवलेला.

पहाटे ५.२०

मेरशीची खोली. दारात उभी राहून ती फोनवर पैसे टाकते. आज एक तारीख. आईला दहा हजार. बावड्याच्या भिशीला दोन हजार. तिच्या भिशीत वीस बायका आहेत, आणि तिचा हप्ता अजून एकदाही चुकलेला नाही. खोलीभाडं साडेतीन. मेस तीन. बूट, फोन, एसटी यांचे मिळून तीन. उरलेलं धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी वेगळ्या खात्यात. त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही.

मी विचारतो, तू कधी खेळलीस?

‘छे. मला पाढे येतात,’ ती म्हणते आणि दार लावून घेते.

सकाळी ६.३०

मी कोल्हापूरच्या गाडीत.

पुढच्या शनिवारी कावळा नाक्यावरून अशाच गाड्या सुटतील. जाणाऱ्यांना नको म्हणणारा मी कोण? पण जाणार असाल तर एवढं करा. गेले तरी चालतील एवढेच पैसे रोख न्या आणि कार्ड घरी ठेवा. फोनवरून पैसे जाणार नाहीत अशी सोय निघण्याआधी करा. गाडीभाडं आणि परतीचा खर्च न खेळणाऱ्याच्या हातात द्या. परतीची बोट कितीची, ते जाताना ठरवा. चाकावर हिरवी घरं किती, ते मोजा. टेबलाशी आपल्या गावची पोरगी दिसली तर ओळख दाखवू नका.

आणि ज्यांच्या घरात कुणाचं हे हाताबाहेर गेलंय, कर्ज झालंय, झोप उडालीय, त्यांनी १४४१६ लावावा. टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी. रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.